शस्त्रक्रियाच करायची, तर आधी गोळ्या कशाला?

प्रश्न: मी १८ आठवड्यांची गरोदर आहे. गर्भात गंभीर दोष असल्याचं दोन सोनोग्राफींमध्ये दिसलं आणि गर्भपाताचा निर्णय पक्का झाला आहे. पहिलं बाळ सीझरने झालं. मला दमा आहे, रोज पंप घेते. डॉक्टर शस्त्रक्रियेने पिशवी रिकामी करणार आहेत. पण आदल्या दिवशी एक गोळी गिळायची आणि त्या दिवशी सकाळी दोन गोळ्या गालात धरायच्या, असं सांगितलं आहे. शस्त्रक्रियाच करायची तर या गोळ्या कशाला? मैत्रिणीला दर तीन तासांनी गोळ्या दिल्या होत्या, मला एकदाच का? घरीच सगळं होऊन गेलं तर? आणि जुन्या टाक्यांना काही होणार नाही ना?

उत्तर: तुमचा निर्णय झालेला आहे, त्यामुळे त्यावर आम्ही काही बोलणार नाही. पत्रावरून एवढं दिसतं की गोळ्या कधी घ्यायच्या हे तुम्हाला सांगितलं, पण त्या आत जाऊन काय करतात हे कुणी समजावलं नाही. ते एकदा कळलं की तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्यातच सापडतात.

नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघा, मग ओठाला लावा. एरवी पिशवीचं तोंड तपासताना नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं, गरोदरपणात ओठासारखं मऊ होत जातं. पण मऊ झालं म्हणजे उघडलं असं नाही. १८ व्या आठवड्यात ती तीन-चार सेंटिमीटर लांबीची, मिटलेली नळी असते, आणि नववा महिना भरेपर्यंत मिटून राहणं हेच तिचं काम. तिच्या भिंतीत स्नायू कमी आणि कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे जास्त, घट्ट विणलेले. स्नायू भुलेने सैल पडतो. कोलॅजन पडत नाही. म्हणूनच ‘भूल देणारच आहेत, मग तेव्हाच उघडतील की’ हा हिशोब चुकतो. भुलेने तुम्हाला कळणार नाही इतकंच, तोंड मात्र तितकंच घट्ट राहील.

आठव्या आठवड्यात बारीक नळीने काम भागतं. १८ व्या आठवड्यात १४ ते १६ मिलिमीटर जाडीची नळी आणि लांब चिमटा आत जाऊन सहज परत यावा लागतो. तयारी न करता धातूच्या सळया एकीपेक्षा एक जाड अशा घालून तोंड ताणता येतं, पण मग जोर लावावा लागतो आणि दुखापती होतात त्या याच जोराने. तोंडाला चीर जाते, सळई सरळ न जाता भिंतीतच वाट काढते, नाहीतर पिशवीला भोक पडतं. दुसऱ्या तिमाहीतल्या शस्त्रक्रियेचे गंभीर धोके बरेचसे या एका पायरीभोवती आहेत. गोळ्या ही पायरी सोपी करतात. त्या ऐच्छिक नाहीत, आणि ‘घेतल्या काय, न घेतल्या काय’ असं तर मुळीच नाही.

आता एकेका गोळीचं.

पहिली गोळी मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅमची, पाण्याबरोबर गिळायची. गर्भधारणा टिकवणारं आणि तोंड मिटलेलं ठेवणारं संप्रेरक म्हणजे प्रोजेस्टेरॉन. मिफेप्रिस्टोन त्याची जागा अडवून बसते. प्रोजेस्टेरॉनचा धाक उठला की तोंडाच्या भिंतीतले कोलॅजनचे धागे सुटे व्हायला लागतात, मध्ये पाणी शिरतं, भिंत ढिली पडते. हे काम तासा-दोन तासांत होत नाही. म्हणून ही गोळी शस्त्रक्रियेच्या २४ ते ४८ तास आधी घ्यायची असते. ११ ची वेळ दिली असेल तर आदल्या दिवशी ११ च्या आत. रात्री झोपताना आठवण झाली म्हणून घेतली तर ती निम्म्या कामातच राहते. वेळ चुकली असेल तर ती लपवू नका, कळवा. शस्त्रक्रिया काही तास पुढे ढकलणं हा त्यावरचा साधा आणि सुरक्षित उपाय आहे. गोळीनंतर तासाभरात उलटी झाली तरी कळवा, पुन्हा घ्यावी लागू शकते.

या गोळीनंतर बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. थोडं मळमळणं, किंचित कळा, लालसर डाग एवढं काहींना होतं. काही झालं नाही म्हणजे गोळी लागू पडली नाही, असं समजू नका.

दुसरं औषध मिसोप्रोस्टोल. डबीतल्या कागदावर पोटातल्या अल्सरबद्दल लिहिलेलं दिसलं तर चुकीचं औषध मिळालं म्हणून दचकू नका. हे औषध मुळात त्यासाठीच बनलं होतं. ते तोंड आणखी मऊ करतं आणि पिशवीला हलक्या कळा आणतं, त्या कळांनी तोंड थोडं उघडतं. तयारीसाठीची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम, एकदाच. इथे गोळ्या मोजू नका, मायक्रोग्रॅम मोजा: मिसोप्रोस्टोल २५, १०० आणि २०० मायक्रोग्रॅममध्ये येतं. तुम्हाला दोन गोळ्या सांगितल्या म्हणजे त्या २०० च्या असायला हव्यात. पाकिटावरचा आकडा वाचून खात्री करा. आणि आदल्या रात्री पाकीट फोडून गोळ्या पुडीत बांधून ठेवू नका. मिसोप्रोस्टोलला दमट हवा सोसत नाही, त्याची ताकद उतरते. घ्यायच्या वेळीच फोडा.

गालात धरायच्या म्हणजे नेमकं कसं? तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाण्याने ओलं करा. एक गोळी डाव्या गालात, एक उजव्या गालात, खालची हिरडी आणि गाल यांच्या खोबणीत बसवा. अर्धा तास तशाच राहू द्या. चघळू नका, जिभेने ढकलत बसू नका, बोलणं कमीच ठेवा. त्या पूर्ण विरघळत नाहीत, खडूसारखा लगदा होतो आणि तोंडाला कडसर चव येते, ते ठीक आहे. अर्ध्या तासाने उरलेलं पाण्याच्या एका घोटाबरोबर गिळून टाका. गालात धरलेल्या औषधाला साधारण तीन तास लागतात, म्हणून ११ च्या शस्त्रक्रियेसाठी ८ वाजता. काही ठिकाणी हेच औषध योनिमार्गात ठेवतात किंवा जिभेखाली देतात. जिभेखाली ते लवकर चढतं, पण हुडहुडी आणि ताप जास्त येतो. चुकून लगेच गिळली गेली तर परिणाम कमी मिळतो. अशा वेळी आपल्या मनाने आणखी दोन घेऊ नका, कळवा.

तुमच्या मैत्रिणीची गोष्ट वेगळी आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते. तिला शस्त्रक्रिया करायचीच नव्हती. औषधांनी कळा आणून प्रसूतीसारखा गर्भपात करायचा होता, म्हणून मिफेप्रिस्टोननंतर ४०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टोल दर तीन तासांनी, गर्भ आणि वार पडेपर्यंत. तुमच्या बाबतीत गोळ्यांनी फक्त दार सैल करायचं आहे, पुढचं काम डॉक्टर हातात घेणार. नावं तीच, मात्राही दिसायला तीच, पण उद्देश उलट. तिचं वेळापत्रक तुम्ही पाळलंत तर रुग्णालयात पोहोचण्याआधीच तीव्र कळा सुरू होतील.

‘घरीच सगळं झालं तर?’ याचं प्रामाणिक उत्तर: शक्यता कमी आहे, शून्य नाही. दोन्ही औषधं एकत्र वापरली की तोंड छान तयार होतं, पण शस्त्रक्रियेआधीच गर्भ बाहेर येण्याची शक्यताही थोडी वाढते. दोन औषधांत ४८ तासांचं अंतर असेल, आधी बाळंतपण योनिमार्गाने झालं असेल, आठवडे जास्त असतील, मिसोप्रोस्टोलनंतर फार वेळ ताटकळावं लागलं, तर आणखी. म्हणून आमचा आग्रह असा की मिसोप्रोस्टोल घरी घेऊन निघू नका. रुग्णालयात पोहोचा, खाटेवर बसा, मग गोळ्या गालात ठेवा. तुम्हाला ‘घरूनच घेऊन या’ म्हटलं असेल तर ‘मी ८ ला तिथे येऊन घेतली तर चालेल का?’ हा एक प्रश्न जरूर विचारा. सीझर झालेलं असताना हे विचारणं अगदी रास्त आहे. ते जमणारच नसेल तर सोबत मोठं माणूस हवं, रुग्णालय जवळ हवं, आणि गाडी तुम्ही चालवायची नाही.

तरीही वाटेत किंवा घरी गर्भ बाहेर आला तर आडव्या व्हा, खाली स्वच्छ कापड किंवा पॅड घ्या, रुग्णालयाला फोन लावा. नाळ ओढू नका, कापू नका. वार अजून आत असते, आणि ओढाताणीने रक्तस्राव होतो. तसंच, पांघरूण घेऊन, रुग्णालयात जा. हे वाचायला अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण बाथरूममध्ये एकटीने गांगरून जाण्यापेक्षा आत्ता वाचलेलं बरं.

आता टाक्यांचं. एका सीझरनंतर, दुसऱ्या तिमाहीत, मिसोप्रोस्टोलच्या वारंवार मात्रा देऊन पूर्ण गर्भपात केलेल्या स्त्रियांमध्ये पिशवी फाटण्याचं प्रमाण एकत्रित अभ्यासात सुमारे ०.२८ टक्के, म्हणजे हजारांत तीनच्या आसपास निघालं आहे. तुम्हाला एकच मात्रा आहे आणि तीन तासांनी पिशवी रिकामी होणार आहे. त्यामुळे एक सीझर हे गोळ्या नाकारण्याचं कारण नाही. उलट व्रण असलेल्या पिशवीत घट्ट तोंडातून जोराने आत शिरणं हेच जास्त घातक.

सीझरमुळे जी गोष्ट खरंच बघायला हवी, ती दुसरीच आहे: वार कुठे चिकटली आहे. ती खाली, जुन्या व्रणावर असेल तर व्रणात रुतलेली असू शकते, आणि तशी वार सोडवताना खूप रक्त जातं. तुमच्या दोन्ही सोनोग्राफी गर्भातला दोष शोधण्यासाठी झाल्या असतील. त्यात वारेच्या जागेबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. ‘पुढच्या भिंतीवर, खाली’ अशा अर्थाचं काही असेल तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: ‘वार व्रणापासून लांब आहे ना?’ शंका असेल तर ही शस्त्रक्रिया रक्ताची सोय आणि मोठी शस्त्रक्रिया करण्याची तयारी असलेल्या ठिकाणीच व्हायला हवी. सगळ्या पत्रातलं एकच काम आज करायचं असेल, तर हे करा. तुम्ही एक सीझर लिहिलं आहे. त्याखेरीज पिशवीवर दुसरी कुठली शस्त्रक्रिया झाली असेल, गाठी काढल्या असतील, तर तेही सांगा.

दम्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, पण ते महत्त्वाचं आहे. मिफेप्रिस्टोन शरीरातल्या स्टेरॉइडचा परिणामही अडवते. जी स्त्री रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेते, जिची अ‍ॅड्रीनल ग्रंथी (मूत्रपिंडावरची, शरीरातलं स्टेरॉइड बनवणारी) नीट काम करत नाही, किंवा जिला पोर्फिरिया हा दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे, तिला ती देत नाहीत किंवा फार जपून देतात. पंपातलं स्टेरॉइड हे त्यात मोडत नाही. ते मुख्यतः फुप्फुसातच राहतं, तेव्हा पंप चालू ठेवा, त्या दिवशी सकाळीही नेहमीच्या वेळेला घ्या आणि पर्समध्ये टाका. मात्र गेल्या काही महिन्यांत दम उसळून स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या असतील तर सांगा. मिसोप्रोस्टोलने दमा बिघडत नाही. पण रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरतात ते कार्बोप्रोस्टचं इंजेक्शन दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळू शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ‘मला दमा आहे’ हे तुमच्या तोंडून ऐकू द्या, कागदावर लिहिलं असलं तरी. क्षयाची किंवा फिटची काही औषधं मिफेप्रिस्टोनचा जोर कमी करतात, तशी काही चालू असतील तर तीही दाखवा.

वेदनेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मिसोप्रोस्टोलनंतर तासाभरात कळा सुरू होतात, काहींना पाळीसारख्या, काहींना त्याहून बऱ्याच जोराच्या. त्या सोसत बसण्याचं काही कारण नाही. आयबुप्रोफेन ६०० ते ८०० मिलिग्रॅम, मिसोप्रोस्टोलच्या अर्धा ते एक तास आधी घेतलेलं चांगलं, कळा सुरू झाल्यावर मागे धावण्यापेक्षा. ‘त्याने गोळ्यांचा परिणाम जातो’ असा समज आहे, तो चुकीचा आहे. पण तुमच्यासाठी एक अट: आधी कधी आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळीने दम लागला असेल तर ती घेऊ नका. मग पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, आणि ते पुरलं नाही तर दुसरं काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तरीही आयबुप्रोफेन नको. भूल मिळणार असल्याने सहसा शस्त्रक्रियेआधी ६ तास जेवण आणि २ तास पाणीही बंद असतं. गोळ्यांसाठीचा घोटभर पाण्याचा अपवाद कसा धरायचा ते आधीच विचारून ठेवा, म्हणजे त्या सकाळी घोळ होणार नाही.

हुडहुडी, ३८ अंशांच्या आसपास ताप, मळमळ, एक-दोन जुलाब हे मिसोप्रोस्टोलचेच परिणाम आहेत आणि काही तासांत ओसरतात. दात वाजायला लागले की घाबरायला होतं, पण तो संसर्ग नव्हे, पांघरूण घ्या. वेगळं समजायचं ते असं: तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि सलग दोन तास तेच चालू आहे, दोन कळांच्या मधल्या वेळातही पोट सतत, असह्य दुखतंय, खांद्यात दुखायला लागलंय, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते, अचानक भरपूर पाणी गेलं. यांपैकी काहीही झालं तर वेळेची वाट न बघता निघा.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर आधी तोंड किती तयार झालंय ते तपासतात. जाड सळई जोर न लावता गेली तर पुढे जातात. नाही गेली, तर पुढे न जाता थांबणारा डॉक्टर हाच चांगला डॉक्टर. अशा वेळी मिसोप्रोस्टोलची आणखी एक मात्रा देऊन काही तास थांबतात, नाहीतर तोंडात फुगणाऱ्या कांड्या ठेवतात. या कांड्या काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोड्या जाड असतात. काही वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, त्यांना लॅमिनेरिया म्हणतात, काही कृत्रिम. त्या भिंतीतलं पाणी शोषून जाडीला तिपटीपर्यंत फुगतात आणि तोंड सावकाश रुंद करतात. कृत्रिम कांड्यांचा बराचसा परिणाम चार-सहा तासांत मिळतो, लॅमिनेरियाला रात्रभर लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार १२ ते १९ आठवड्यांत नुसत्या औषधांनी तयारी चालते, आणि त्यात तुम्हाला दिली तशी दोन्ही औषधं एकत्र असणं पसंतीचं. १९ पासून पुढे औषधांच्या जोडीला कांड्या हव्यात. तुम्ही त्या सीमेच्या अगदी जवळ आहात. शस्त्रक्रिया आठवडाभर लांबली तर तयारीची पद्धत बदलेल, हे लक्षात ठेवून तारीख ठरवा. आणि त्या दिवशी ‘आज संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल’ किंवा ‘उद्या करू’ असं ऐकायला मिळालं तर काहीतरी बिघडलं असं समजू नका. सोबतच्या माणसालाही दिवसभराची तयारी ठेवायला सांगा. पहिलं बाळ सीझरने झालं, तेव्हा कळा येऊन तोंड उघडलंच नसेल, तर ते पहिलटकरणीसारखं हटून बसू शकतं.

एक गोष्ट उशिरा सांगून उपयोग नाही म्हणून इथे: मिफेप्रिस्टोन घेतल्यानंतर ‘आता नको’ म्हणून घरी बसणं हा मार्ग धोक्याचा आहे. गर्भपात अर्धवट सुरू होऊ शकतो, रक्तस्राव आणि संसर्ग होऊ शकतो. मनात थोडीही चलबिचल असेल तर ती पहिली गोळी गिळण्याआधी बोलून टाका. तारीख पुढे घेता येते. मध्येच मन बदललं तरी गप्प राहू नका, त्याच दिवशी सांगा, म्हणजे निदान पुढचं कुणाच्या तरी देखरेखीखाली होईल.

शस्त्रक्रियेआधी संसर्ग टाळण्यासाठी अँटिबायोटिक देतात, सहसा डॉक्सिसायक्लिन. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर १२ आठवड्यांपुढे अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, ७२ तासांच्या आत. ते राहून जाऊ नये म्हणून घरी निघताना तुम्हीच आठवण करा. अंगावरून एक-दोन आठवडे कमी-कमी होत जातं. ताप दुसऱ्या दिवशीही टिकला किंवा स्रावाला घाण वास आला तर तपासून घ्या. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा गर्भ राहू शकतो, तेव्हा गर्भनिरोधनाचं बोलणं घरी निघण्याआधीच करून घ्या.

आणि दोन ते चार दिवसांनी कदाचित दूध येईल. याबद्दल फारसं कुणी आधी सांगत नाही, आणि मग त्या दिवशी ओली झालेली चोळी बघून बाई कोसळते. शरीराला प्रसूती झाली इतकंच कळलेलं असतं. दूध पिळून काढू नका, पिळलं की आणखी येतं. घट्टसर आधार द्या, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, दुखलं तर तीच वेदनाशामक गोळी. दूध येऊच नये यासाठीही औषध आहे, कॅबरगोलिन, एकाच मात्रेचं. ते दूध यायच्या आधी घेतलेलं बरं, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागा.